साखरेचा पत्ता

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्यावें असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां प्रथम मी संकोचलों. मी कवि नव्हे, प्रवासी नव्हे, आणि सभा गाजविणारा वक्ता तर मुळींच नव्हे. हैदराबाद येथील एका रसायनशाळेंत गेलीं नऊ वर्षें मी शर्करांचे रेणु जोडण्याचें काम करितों. पण त्या कामाविषयीं घरच्या माणसांसही मला आजवर धड कांहीं सांगतां आलेलें नाहीं. आई शेजारणींना सांगते, "आमचा मुलगा साखरेच्या कारखान्यांत आहे." तिचें म्हणणें मीं कधीं खोडून काढलें नाहीं; कारण तें अगदींच खोटें नाहीं. परंतु 2025 च्या दिवाळींत एका प्रश्नानें मला असें गांठलें कीं, त्याचें उत्तर लिहून काढल्यावांचून मला चैन पडेना. तेंच उत्तर आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रश्न विचारणारे होते आपल्या शाळेचे जुने विज्ञानशिक्षक, आमचे मास्तर. सेवानिवृत्त होऊन त्यांस बरींच वर्षें लोटलीं. परंतु सुटींत गांवीं गेलों कीं त्यांच्या ओटीवर तासभर बसल्याशिवाय माझी सुटी पुरी होत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रक्तांतील कोलेस्टेरॉल गोळ्यांनीं पुरेसें उतरेना, म्हणून डॉक्टरांनीं त्यांना इन्क्लिसिरान नांवाचें नवें औषध सुरू केलें. पहिली सुई, तीन महिन्यांनीं दुसरी, आणि त्यापुढें दर सहा महिन्यांनीं एक. तीही पोटाच्या कातडीखालीं. फराळाचें ताट माझ्यापुढें सरकवीत मास्तर म्हणाले,

"अरे, तूं औषधांसाठीं साखरा तयार करतोस ना? मग मला एक सांग. सुई टोचली पोटाला. काम करावयाचें यकृतांत, असें डॉक्टर म्हणतात. मध्यें सारें शरीर पसरलेलें आहे. त्या औषधाला यकृताचा पत्ता कोणीं सांगितला?"

"मास्तर, तो पत्ता साखरेचाच असतो," मी म्हणालों.

"हें उत्तर नव्हे, हें नुसतें वाक्य झालें," ते म्हणाले. "फळ्यापुढें उभा आहेस असें समज, आणि पहिल्यापासून सांग."

माझ्या कानांत एकवीस वर्षांपूर्वींचा वर्ग घुमला. मी उठून उभा मात्र राहिलों नाहीं, एवढेंच.

मीं सांगावयास आरंभ केला. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर कांहीं ग्राही रेणु असतात. ते रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल पकडून आंत ओढून घेतात. परंतु यकृत स्वतःच पी. सी. एस. के. 9 नांवाचें एक प्रथिनही तयार करितें, आणि तें प्रथिन या उपयोगी ग्राहींना नाशाकडे नेतें. तें प्रथिन कमी झालें तर ग्राही वाढतील आणि कोलेस्टेरॉल उतरेल. आतां पेशींत कोणतेंही प्रथिन तयार होण्यापूर्वीं त्याचा निरोप आर. एन. ए. च्या रूपानें निघावा लागतो. 1998 सालीं अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या शास्त्रज्ञांनीं एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखविलें कीं, दुपदरी आर. एन. ए. चा जुळता तुकडा पेशींत शिरला असतां तेवढाच एक निरोप नष्ट होतो, बाकीचे शाबूत राहतात. या शोधाबद्दल त्यांना 2006 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मास्तरांच्या औषधांत असाच एक दुपदरी तुकडा आहे. त्याचा एक पदर 21 घटकांचा व दुसरा 23 घटकांचा.

"निरोप्याला वाटेंतच अडवावें, तसें हें झालें," मास्तर म्हणाले. "पण तो तुकडा पेशींत शिरतो कसा?"

खरी अडचण तेथेंच होती. आर. एन. ए. चा तुकडा रक्तांत उघडा सोडला तर तेथील विकर त्याचे तुकडे करितात, आणि जें उरेल तें मूत्रपिंडांतून बाहेर पडतें. शिवाय त्याच्या अंगावर ऋण विद्युत्भार इतका कीं, पेशीचें स्निग्ध आवरण त्याला आंत घेत नाहीं. रसायनज्ञांनीं त्याच्या घटकांत ठिकठिकाणीं फ्लोरीन, मेथॉक्सी गट व गंधक बसवून त्याला टिकाऊ केलें. पण टिकाऊपणा वेगळा आणि पत्ता वेगळा. पाकीट कितीही भक्कम असलें तरी त्यावर नांवगांव नसेल तर टपालवाल्यानें तें कोठें न्यावें?

हा पत्ता हातीं लागला तो एका भलत्याच शोधांतून. 1960 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत गिल्बर्ट ॲशवेल आणि ॲनातोल मोरेल हे दोघे रक्तांतील तांबें वाहून नेणाऱ्या सेरुलोप्लास्मिन या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्या प्रथिनावर साखरेच्या लहान लहान शाखा असतात, आणि प्रत्येक शाखेच्या टोंकाला सायलिक आम्लाची टोपी असते. त्यांनीं ती टोपी काढून टाकली आणि तें प्रथिन सशांच्या रक्तांत सोडलें. जें प्रथिन दिवसचे दिवस रक्तांत फिरत राहावयाचें, तें कांहीं मिनिटांतच नाहींसें झालें! शोध घेतां तें सांपडलें यकृतांत. टोपीखालीं उघडी पडली होती गॅलॅक्टोज नांवाची साखर. आणि त्या गॅलॅक्टोजमध्यें फेरफार केला कीं प्रथिन पुन्हा रक्तांत टिकूं लागे. म्हणजे उघड्या गॅलॅक्टोजला ओळखून आंत ओढून घेणारा ग्राही यकृताच्या पेशींवर पाहिजे, असें अनुमान निघालें, आणि पुढें तो ग्राही सांपडलाही. यकृताच्या एकेका पेशीवर असे सुमारें पांच लक्ष ग्राही असतात.

मास्तरांनीं हात वर करून मला थांबविलें. "गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज यांत फरक तो काय? दोघांतही सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. मींच तुम्हांला शिकविलें आहे."

"चौथा कार्बन, मास्तर," मी म्हणालों. "त्यावरचा हायड्रॉक्सिल गट. कागदावर कडें काढलें तर ग्लुकोजमध्यें तो खालीं जातो, आणि गॅलॅक्टोजमध्यें वर येतो. बाकी सारें सारखें."

"आणि एवढ्यावरून यकृत माणूस ओळखतें?"

एवढ्यावरूनच. त्या ग्राहीच्या खोबणींत कॅल्शियमचा एक आयन असतो, आणि तो साखरेच्या तिसऱ्या व चौथ्या हायड्रॉक्सिलास धरून ठेवतो. चौथा हायड्रॉक्सिल उलट्या बाजूस असेल तर ही पकड बसतच नाहीं. गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या कार्बनवर ॲसिटिल धारण करणारा नत्राचा गट असेल तर पकड कित्येक पटींनीं घट्ट होते. त्या साखरेचें नांव एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामाइन. प्रयोगशाळेंतील बोलींत तिला आम्ही गॅलनॅक म्हणतों. मी नऊ वर्षें जी साखर करीत आहें ती हीच.

तरीही एकट्या साखरेची पकड दुबळीच. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत वाय. सी. ली यांनीं 1980 नंतरच्या दशकांत एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. एकाच खोडाला दोन साखरा योग्य अंतरावर जोडल्या तर पकड दुप्पट होत नाहीं, ती सुमारें हजारपट होते. तीन जोडल्या तर सुमारें दहा लक्षपट. चौथी जोडून मात्र फारसा लाभ होत नाहीं. साखरांमधील अंतर सुमारें वीस आंगस्ट्रॉम असावें लागतें. म्हणजे एका मिलिमीटरचे पांच लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग. भिजल्या दोरावर एका हातानें लोंबकळणारा मुलगा हिसक्यासरशीं खालीं येतो. दोन्ही हात आणि पायांचा विळखा यांनीं धरणारा टिकून राहतो, तसेंच हें आहे. एक हात सुटला तरी दुसरे दोन धरून असतात, आणि तेवढ्यांत सुटलेला हात पुन्हा जागा पकडतो.

या ज्ञानाचा औषधाशीं सांधा जुळविणाऱ्यांमध्यें एक नांव आपल्या देशाशीं जोडलेलें आहे. मदुरेच्या अमेरिकन कॉलेजांत शिकलेले मुथय्या मनोहरन व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील केंब्रिज शहरीं तीन हातांची गॅलनॅक आर. एन. ए. च्या टोंकाला बांधण्याची रीत सिद्ध केली. 2014 सालीं तिचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालें. अशा रीतीनें बांधलेलें पहिलें औषध, गिव्होसिरान, 2019 सालीं अमेरिकेंत मान्य झालें; तें पॉर्फिरिया या दुर्मिळ व अत्यंत वेदनादायक विकारावर आहे. मास्तरांच्या औषधाला 2020 सालीं युरोपांत मान्यता मिळाली. पेशीच्या आंत गेल्यावर वातावरण आम्लधर्मी होतें, कॅल्शियमची पकड सुटते, ग्राही मोकळा होऊन पुन्हा पृष्ठभागावर येतो. ही फेरी सुमारें पंधरा मिनिटांची. आंत राहिलेल्या औषधाचा अगदीं अल्प अंश हळूहळू झिरपून कामास लागतो. एका सुईचा गुण सहा महिने टिकतो तो या सांठ्यामुळें.

"आतां तूं काय करतोस तें सांग," मास्तर म्हणाले. इतका वेळ मी इतरांच्या पराक्रमावर बोलत होतों. आतां माझी पाळी आली.

आमच्या साखरेचा उगम कित्येकदां समुद्रांत असतो. कोळंबीचीं टरफलें आपल्या किनाऱ्यावर कोणीं पाहिलीं नाहींत? सोडे वाळवावयास घालण्यापूर्वीं तीं सोलून टाकतात, आणि त्यांच्या ढिगावर कावळे जमतात. त्या टरफलांत कायटिन नांवाचा पदार्थ असतो. 1876 सालीं गेओर्ग लेडरहोझ यानें शेवंडासारख्या प्राण्याचें कवच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लांत उकळून त्यांतून ग्लुकोसामाइन मिळविलें. आजही तें कोळंबी व खेंकडे यांच्या टरफलांपासून विपुल मिळतें, म्हणून स्वस्त असतें. गॅलॅक्टोसामाइन मात्र दुर्मिळ व महाग. दोघांत फरक काय? तोच चौथा हायड्रॉक्सिल! तेव्हां स्वस्त साखरेचा चौथा गट उलटा करून महाग साखर तयार करावयाची, ही आमची पहिली कामगिरी.

ती करण्यासाठीं आधीं तिसऱ्या व सहाव्या जागा झांकाव्या लागतात. चौथा गट अडचणींत बसलेला व मंद असतो. त्यामुळें थंडींत, बेताबेतानें काम केलें तर तो तेवढा उघडा राहतो. मग त्याला असें रूप द्यावयाचें कीं तो सहज सोडून जाईल. आणि नवा गट मागच्या बाजूनें येऊन त्याला ढकलून जागा घेतो. अशा वेळीं कार्बनच्या बाकीच्या तीन जोडण्या पावसाळ्यांतील वाऱ्यानें छत्री उलटावी तशा उलटतात. पॉल वाल्डेन यानें 1896 सालीं हा प्रकार प्रथम नोंदविला, म्हणून त्यास त्याचेंच नांव आहे. त्यानंतर साखरेच्या सर्व जागा ॲसिटिलनें झांकून, पहिल्या व दुसऱ्या कार्बनमध्यें एक लहानसें कडें तयार करितात. तें कडें साखरेची खालची बाजू अडवून धरतें, आणि म्हणून जोडावयाचा दांडा वरूनच येऊन बसतो. अशा दांडा लावलेल्या तीन साखरा ट्रिस या साध्या रेणूपासून तयार केलेल्या त्रिशूळास जोडल्या कीं आमची वस्तु तयार होते. पुढें ती सच्छिद्र कांचेच्या कणांवर बसवून यंत्र तिच्यावर आर. एन. ए. चा एकेक घटक चढवितें. आणि शेवटीं अमोनियानें सारें कांचेपासून सुटतें, तेव्हां साखरेवरचीं ॲसिटिलचीं झांकणेंही निघून जातात.

येथवर मास्तर मान डोलवीत ऐकत होते. पुढचें त्यांना सांगावें कीं नाहीं याचा मला क्षणभर विचार पडला. परंतु त्या ओटीवर बसून अर्धेंच सांगणें मला जमण्यासारखें नव्हतें.

2021 च्या जुलै महिन्यांतली गोष्ट. हवा पाण्यानें भरलेली, निम्मे सहकारी रजेवर. तीन हातांच्या चाळीस ग्रॅम साखरेचा एक घाणा मला ठराविक दिवशीं द्यावयाचा होता. साखर धारण करणारें आम्ल मीं घाईघाईनें तोललें. पुरतें वाळवलें नाहीं. त्यानें ओलावा धरला होता, आणि तराजूनें पाण्याचें वजनही साखरेच्या खात्यांत मांडलें. त्रिशूळाच्या तिन्ही टोंकांना पुरेल इतकी साखर प्रत्यक्षांत नव्हतीच. रात्रीं नऊच्या सुमारास विश्लेषक यंत्राच्या आलेखावर मुख्य शिखराच्या पायथ्याशीं मला एक लहान उंचवटा दिसला. तो होता दोनच हातांच्या रेणूंचा. सुमारें चार टक्के.

आलेखाची तळरेषा यंत्र आंखतें, पण ती हातानें सरकवितां येते. थोडी इकडे ओढली असती तर तो उंचवटा शिखरांतच मिळून गेला असता आणि कागदावर सुरेख नव्याण्णव टक्के उमटले असते. माझ्याशिवाय त्या खोलींत कोणी नव्हतें. मीं ती रेषा सरकविली. आंकडा पाहिला. तो फार चांगला दिसत होता. मग दिवा मालवून मी घरीं गेलों.

मी लगेच सत्य सांगितलें असें येथें लिहितां आलें असतें तर मला बरें वाटलें असतें. परंतु तसें घडलें नाहीं. रात्रभर मला झोंप लागली नाहीं, आणि राहून राहून दहावीच्या वर्गाची आठवण येऊं लागली. शाळा सुटल्यावर मास्तर आम्हां चौघांना ब्युरेट हाताळावयास शिकवीत. एके दिवशीं शेजारच्या मुलाचा आंकडा पाहून मीं माझ्या वहींत 12.4 लिहिलें. मास्तरांनीं माझी ब्युरेट डोळ्यांसमोर धरली, ती 13.1 दाखवीत होती. ते रागावले नाहींत. "ही धुऊन आण, आणि पुन्हा कर," एवढेंच म्हणाले. आणि माझें पुरें होईपर्यंत, बाहेर अंधार पडला तरी, बांकावर बसून राहिले.

दोन हातांच्या साखरेची पकड तीन हातांपेक्षां किती दुबळी असते हें मला पुस्तकांतून पाठ होतें. तशा रेणूला बांधलेलें औषध यकृताच्या दारापर्यंत जाईल, पण तेथून कदाचित् घसरेल. आणि ज्याच्यासाठीं तें केलें त्याला पुरें पोंचणार नाहीं. त्याला तें कधीं कळणारही नाहीं. आमचा माल त्या वेळीं संशोधनापुरताच होता. कोणा रुग्णाच्या अंगांत तो जावयाचा नव्हता. परंतु ज्या प्रयोगांत तो वापरला जाणार, त्यांचे निष्कर्ष वाकडे निघाले असते, आणि त्यांवर पुढें दुसऱ्या कोणीं विश्वास ठेवला असता.

सकाळीं मीं मूळ आलेख काढून विभागप्रमुखांपुढें ठेवला, आणि रात्रीं केलेला उद्योगही सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "आर. एन. ए. चढविल्यावर हें कळलें असतें तर सगळेंच टाकावें लागलें असतें." साखर पुन्हा शुद्ध करण्यांत नऊ दिवस गेले आणि सुमारें सहा ग्रॅम माल वांया गेला. त्या वर्षीं माझी पगारवाढ झाली नाहीं. यांत कोणावर अन्याय झाला असें मला वाटत नाहीं.

मीं हें सर्व सांगितलें तेव्हां मास्तर कांहीं वेळ अंगणाकडे पाहत राहिले. ब्युरेटच्या गोष्टीचा त्यांच्यावर कांहीं परिणाम होईल अशी माझी अपेक्षा होती. पण ते म्हणाले,

"तें 12.4 मला कांहीं आठवत नाहीं रे. अशीं किती मुलें, किती आंकडे! मग शेवटीं तिसरा हात लागला ना सगळ्यांना?"

"लागला, मास्तर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि आंतून पाटी मागवून त्यांनीं ती माझ्या हातीं दिली. "तें चौथ्या कार्बनचें एकदां काढून दाखव. ह्या वयांत नुसतें ऐकून लक्षांत राहत नाहीं."

मीं पाटीवर दोन कडीं काढलीं, शेजारीं शेजारीं. एका ठिकाणीं रेघ खालीं, दुसऱ्या ठिकाणीं वर. मास्तरांनीं चष्मा लावून तीं बराच वेळ पाहिलीं. माझ्या हातची साखर त्यांच्या औषधांत आहे असें मी म्हणूं शकत नाहीं. ती दुसऱ्या कोणीं, दुसऱ्या कोठें तरी तयार केली असेल. तो कोण आहे हें मला ठाऊक नाहीं. पण त्यानें आपलें आम्ल नीट वाळवून तोललें असावें, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शाळेंतील बालमित्रांस जातां जातां एकच सांगतों. यकृताचा पत्ता सांपडला. पण हृदय, मेंदु, मूत्रपिंड यांचा इतका सोपा व भरंवशाचा पत्ता अद्याप हातीं आलेला नाहीं. शिवाय या औषधांची किंमत अजून सामान्य कुटुंबास पेलण्यासारखी नाहीं. साखर करण्याची एखादी पायरी जरी वांचली तरी तेवढा भार हलका होईल. तुमच्यापैकीं कोणाला या कामांत यावेंसें वाटलें तर जागा भरपूर आहे. मास्तरांची पुढची सुई एप्रिल महिन्यांत आहे. आणि त्यानंतर मे महिन्याच्या सुटींत मी पुन्हा त्यांच्या ओटीवर असेन. पाटी पुसूं नका, असें त्यांना सांगून आलों आहें.